डिस्कचा सातबारा: मेनफ्रेमवर लिनक्स टाकताना

या भागाची ही लेखी प्रत. कमांडची नावं बोलताना उच्चारली तशीच देवनागरीत ठेवली आहेत.

बसमध्ये दांडीला धरून उभे असाल, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल किंवा रात्री ओटा आवरताना ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आज आपण मेनफ्रेमवर लिनक्स कसं इन्स्टॉल करतात यावर बोलणार आहोत. सगळं नाही, एकच टप्पा: हार्ड डिस्क.

लॅपटॉपवर उबुंटू किंवा फेडोरा टाकलं असेल तर डिस्कचा तो स्क्रीन तुम्हाला आठवत असेल. 'सगळी डिस्क पुसून इन्स्टॉल करा' असा एक पर्याय असतो. आपण त्यावर क्लिक करतो आणि चहा टाकायला जातो. फार तर काय होईल? कॉलेजचे फोटो, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि डाउनलोड करून ठेवलेले चार सिनेमे जातील. वाईट वाटेल, पण गेलं ते आपलंच होतं.

मेनफ्रेमवर नेमकं हेच बदलतं. तिथं चुकीच्या डिस्कवर हात पडला तर जे जाईल ते बहुधा दुसऱ्याचं असेल. म्हणून आजच्या भागात तुम्हाला बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, एक प्रश्न लक्षात ठेवा: ही डिस्क कोणाची? तिथली प्रत्येक पायरी सुरुवातीला उगाच छळ वाटते. पण ती याच प्रश्नाचं उत्तर मागत असते.

आधी थोडी ओळख

मी बीटेक करत असताना मेनफ्रेम हा शब्द पहिल्या युनिटमधल्या 'संगणकांचे प्रकार' या तक्त्यात भेटला होता. दोन मार्कांचा प्रश्न. परीक्षा झाली, विसरले. नोकरीला लागल्यावर पुण्यात बसून परदेशातल्या एका बँकेच्या मेनफ्रेमवर लिनक्स सांभाळायचं काम आलं, तेव्हा कळलं की तक्त्यातला तो डायनासोर चांगला धडधाकट आहे. बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांचे रोजचे व्यवहार आजही त्याच्यावर चालतात.

आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम ३६० जाहीर केली. आजची आयबीएम झेड मशीन याच घराण्यातली. त्यावर लिनक्स आलं ते डिसेंबर १९९९ मध्ये, जर्मनीतल्या बोब्लिंगेनच्या आयबीएम लॅबमधल्या लोकांनी केलेलं काम सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा. पुढं सुझे, रेड हॅट, डेबियन, उबुंटू या सगळ्यांच्या मेनफ्रेमसाठी वेगळ्या आवृत्त्या आल्या. या आर्किटेक्चरचं नाव एस ३९० एक्स. आणि २०१५ मध्ये तर आयबीएमनं फक्त लिनक्स चालवणारी मेनफ्रेमच काढली, लिनक्सवन नावाची.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मेनफ्रेम एकट्याची नसते. एका मशीनचे अनेक भाग पाडलेले असतात, त्यांना एलपार म्हणतात. एका एलपारमध्ये बँकेचं मुख्य काम झेड-ओएसवर चाललेलं असतं, शेजारच्या एलपारमध्ये टेस्टिंग, तिसऱ्यात झेड-व्हीएम. झेड-व्हीएम हा हायपरवायझर, त्याच्या पोटात परत शेकडो लिनक्स. शेकडो म्हणजे मी फुगवून सांगत नाहीये. २००० च्या सुमारास डेव्हिड बॉइज यांनी एकाच मशीनवर ४१,४०० लिनक्स सुरू करून दाखवले होते. हेतू प्रयोगाचाच होता, पण एवढे भाडेकरू एका वाड्यात मावतात हे त्यातून दिसलं.

आणि या सगळ्या भाडेकरूंच्या डिस्का असतात एकाच मोठ्या स्टोरेज बॉक्समध्ये. म्हणजे वाडा एक, परसही एकच. कुठला कोपरा कोणाचा, हे कागदावरच ठरतं.

डॅझडी म्हणजे काय?

मेनफ्रेमवाले हार्ड डिस्कला हार्ड डिस्क म्हणत नाहीत, डॅझडी म्हणतात. डायरेक्ट ॲक्सेस स्टोरेज डिव्हाइस, त्याची अक्षरं. आणि तिची क्षमता जीबीमध्ये सांगत नाहीत, सिलिंडरमध्ये सांगतात. गावाकडं कोणी 'माझी चार हजार स्क्वेअर मीटर जमीन आहे' असं म्हणत नाही, 'एकरभर आहे' म्हणतो. तसंच हे.

सगळ्यात जास्त भेटणारा नमुना म्हणजे ३३९०. ही डिस्क १९८९ मध्ये आली. एका सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक. ३३९० चं मॉडेल ३ म्हणजे ३,३३९ सिलिंडर, मॉडेल ९ म्हणजे त्याच्या तिप्पट, १०,०१७ सिलिंडर. गंमत अशी की आज तशी फिरणारी डिस्क कुठंच नाही. आत फ्लॅश असते किंवा साध्या डिस्का असतात. स्टोरेज बॉक्स फक्त ३३९० चं सोंग घेतो, कारण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे प्रोग्रॅम आजही त्याच मापात बोलतात.

या डिस्कवर लिहिण्याची पद्धतही वेगळी. आपल्या लॅपटॉपच्या डिस्कवर सगळे ब्लॉक आधीच सारख्या मापाचे पाडलेले असतात. इथं ट्रॅक कोरा असतो, आणि त्यावर किती लांबीची रेकॉर्ड लिहायची ते वापरणारा ठरवतो. प्रत्येक रेकॉर्डला काउंट, की आणि डेटा असे तीन भाग. या पद्धतीचं सुधारलेलं रूप म्हणजे ईसीकेडी. लिनक्सला मात्र सारख्या मापाचे ब्लॉक लागतात. त्यामुळे लिनक्स टाकायच्या आधी डॅझडीला एक खास फॉरमॅट द्यावा लागतो. फाइल सिस्टिम बनवणं वेगळं, ते नंतर. हा त्याच्या आधीचा, लो-लेव्हल फॉरमॅट. शेतात पेरणी करायच्या आधी वाफे पाडतात ना, तसा.

इथं ब्लॉक किती मोठा घ्यायचा? उत्तर ४,०९६ बाइट. का, ते हिशेबानं बघा. ३३९० च्या एका ट्रॅकवर एकच सलग रेकॉर्ड लिहिली तर जास्तीत जास्त ५६,६६४ बाइट मावतात. ४,०९६ चे ब्लॉक घेतले तर १२ बसतात, म्हणजे ४९,१५२ बाइट. ५१२ चे घेतले तर ४९ बसतात, पण हाती लागतात फक्त २५,०८८. अर्ध्याहून कमी! कारण प्रत्येक रेकॉर्डच्या मागेपुढे मोकळी जागा सोडावी लागते. वाफे जितके छोटे, तितकी जमीन बांधातच जाते.

म्हणून लिनक्ससाठी एक सिलिंडर म्हणजे १८० ब्लॉक, ७२० केबी. मॉडेल ३ ची डिस्क भरते साधारण २.४६ जीबी आणि मॉडेल ९ ची ७.३८ जीबी. हो, बरोबर ऐकलंत. करोडो रुपयांचं मशीन आणि डिस्क तुमच्या फोनच्या मेमरी कार्डापेक्षा लहान. याहून मोठी मॉडेलंही आहेत, पण खूप ठिकाणी तुम्हाला हीच मिळतील. त्याचं काय करायचं ते पुढं बघू.

पाच दरवाजे

आता प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन. झेड-व्हीएमवर याची सुरुवातच मजेशीर असते. कर्नल, पॅरामीटरची फाइल आणि इनिट-रॅमडिस्क या तीन फाइली एका आभासी कार्ड रीडरमध्ये 'पंच' करायच्या आणि त्या रीडरवरून मशीन बूट करायचं. कागदी पंच कार्डं कधीच गेली, पण त्यांचा रस्ता अजून वापरात आहे. तिथून पुढं डिस्कपर्यंत पोचायला पाच दरवाजे लागतात.

पहिला दरवाजा तुमच्या हातात नसतो. कुठल्या एलपारला कुठलं डिव्हाइस दिसेल हे मशीनच्या आय-ओ कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेलं असतं. झेड-व्हीएम असेल तर त्याच्या डिरेक्टरीत तुमच्या गेस्टच्या नावानं नोंद लागते. हे काम सिस्टिम प्रोग्रॅमरचं. तुम्हाला मिळतो फक्त एक पत्ता, उदाहरणार्थ ०.०.०२०१. हा पत्ता हेक्साडेसिमलमध्ये असतो. शेवटचे चार अंक म्हणजे डिव्हाइस नंबर.

दुसरा दरवाजा: सीआयओ-इग्नोर. ही कर्नलची न बघण्याची यादी. एका एलपारला हजारो डिव्हाइस दिसू शकतात. ती सगळी तपासत बसलं तर बूटला वेळ लागतोच, शिवाय नको त्या डिस्का समोर येतात. म्हणून रेड हॅटच्या इन्स्टॉलरसोबत येणाऱ्या पॅरामीटर फाइलमध्ये आधीच लिहिलेलं असतं की कन्सोल सोडून सगळ्यांकडं दुर्लक्ष कर. मग जी डिस्क हवी आहे तेवढीच त्या यादीतून सोडवायची. नवखी मुलं इथं वैतागतात, 'डिस्क दिसतच नाही' म्हणतात. अहो, दिसत नाही ही सोय आहे.

तिसरा दरवाजा: ऑनलाइन करणं. डिस्क दिसली म्हणजे वापरता येते असं नाही. सीएच-सीसीडब्ल्यू-डेव्ह या कमांडनं तो पत्ता ऑनलाइन करायचा. सुझेच्या इन्स्टॉलरमध्ये यासाठी 'डिस्क ॲक्टिव्हेशन' असा वेगळा स्क्रीनच असतो, रेड हॅटमध्ये 'ॲड अ डिस्क'. ऑनलाइन झाली की तिला नाव मिळतं, डॅझडी-ए. दुसरी केली की डॅझडी-बी. या नावांवर जीव लावू नका. ती ऑनलाइन होण्याच्या क्रमानं वाटली जातात, उद्या क्रम बदलला तर नावंही बदलतील. पत्ता मात्र तोच राहतो. म्हणून एफएस-टॅबमध्ये आणि स्क्रिप्टमध्ये पत्त्यावरून बनलेलं बाय-पाथ नाव किंवा यूयूआयडी वापरा.

चौथा दरवाजा: डॅझडी-एफएमटी. इथं परत फिरता येत नाही. ब्लॉक ४,०९६, आणि लेआउट सीडीएल, म्हणजे कम्पॅटिबल डिस्क लेआउट.

पाचवा: एफडॅझडी नावाचं पार्टिशनचं हत्यार. सीडीएल डिस्कवर जास्तीत जास्त तीन पार्टिशन पडतात. पहिले दोन ट्रॅक लेबल आणि व्हीटॉक यांच्यासाठी राखीव, पार्टिशनची सुरुवात त्यानंतर. व्हीटॉक म्हणजे डिस्कवरची अनुक्रमणिका.

सीडीएलच का, एलडीएल नावाचा दुसरा लेआउट असताना? कारण सीडीएल डिस्क झेड-ओएसलाही वाचता येते. झेड-ओएसवर बसलेल्या माणसाला तुमची पार्टिशनं डेटासेटसारखी दिसतात, आणि नावात चक्क 'लिनक्स' असतं. म्हणजे प्लॉटवर पाटी लागली: ही जागा घेतलेली आहे. शेजाऱ्याला कळतं. एलडीएलमध्ये ही पाटीच नसते. सामाईक परसात पाटी नसलेली जागा कोणालाही मोकळी वाटू शकते.

तिसऱ्या आणि चौथ्या दरवाजाच्या मध्ये

माझं म्हणणं आहे की सगळ्यात महत्त्वाचा क्षण या दोन दरवाजांच्या मध्ये आहे. डिस्क ऑनलाइन झाली, अजून फॉरमॅट केलेली नाही. ऑनलाइन केल्यानं काही पुसलं जात नाही. म्हणजे बघायला तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. इथं थांबा. डॅझडी-व्ह्यू ही कमांड चालवा आणि लेबल वाचा.

प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला एक सहा अक्षरी नाव लिहिलेलं असतं, व्हॉल्सर. लिनक्सनं फॉरमॅट केलेल्या डिस्कचं व्हॉल्सर, वेगळं काही सांगितलं नसेल तर, शून्य, एक्स आणि पुढं डिव्हाइस नंबर असं असतं. ०२०१ या डिस्कवर ०एक्स०२०१. झेड-ओएसवाले आपापल्या पद्धतीनं नावं ठेवतात. म्हणजे लेबल हा बांधावरचा दगड समजा. त्यावरचा नंबर तुमच्या कागदाशी जुळतो का बघायचं.

आमच्या टीममधला एक प्रसंग सांगते. शनिवारची रात्र, बँकेनं दिलेली चार तासांची विंडो, थेट एलपारवर इन्स्टॉलेशन. शीटवर आलेल्या पत्त्याची डिस्क आमच्या एका सहकाऱ्यानं ऑनलाइन केली. नवी कोरी डिस्क मिळेल असं ठरलं होतं. त्यानं लेबल वाचलं आणि म्हणाला, "सर, ही कोरी नाहीये. लेबल आहे, आणि ते आपल्यासारखं नाही."

सर शांतपणे म्हणाले, "मग कीबोर्डवरून हात काढ."

"शीटवर तर हाच पत्ता आहे, सर."

"शीट माणसानंच भरलीय ना? फोन लाव."

तिकडच्या स्टोरेजच्या माणसाला उठवलं. त्यानं बघितलं तर शीटमध्ये मधले दोन अंक उलटसुलट पडले होते. आम्ही जिच्यापुढं उभे होतो ती डिस्क झेड-ओएसच्या टेस्ट सिस्टिमची होती. वीस मिनिटं गेली, बरोबर पत्ता आला, पहाटेच्या आत काम संपलं. सोमवारी कोणी त्याबद्दल बोललंही नाही, कारण झालंच काही नव्हतं.

त्या रात्री लेबल वाचायला किती वेळ लागला असेल? दहा सेकंद. आणि ते वाचलं नसतं तर? त्या टेस्ट सिस्टिमवर तिकडं कोणाचं तरी महिनाभराचं काम होतं. डॅझडीला रिसायकल बिन नसतो.

पण लेबल जुळलं म्हणजे झालं, असंही नाही. शून्य-एक्सचं लेबल असलेली डिस्क शेजारच्या दुसऱ्या लिनक्सचीही असू शकते. तिथं डॅझडी-एफएमटीचा एक पर्याय कामाला येतो, चेक-होस्ट-काउंट. ती डिस्क दुसऱ्या कुठल्या सिस्टिमला ऑनलाइन असेल तर फॉरमॅट थांबतो. तो लावत चला. तरीही, दुसरी सिस्टिम त्या वेळी बंद असेल तर हा उपायही आंधळा. म्हणून शेवटचा पुरावा लेखीच: ज्याच्याकडं नोंदवही आहे त्याच्याकडून पत्ता, व्हॉल्सर आणि सिलिंडरची संख्या, तिन्ही. दगड बघा, पण सातबाराही मागा.

मिनीडिस्क आणि बांधाचा वाद

झेड-व्हीएमवर एक पाऊल अजून पुढं आहे. तिथं अख्खी डिस्क न देता तिचा तुकडा देता येतो, त्याला मिनीडिस्क म्हणतात. डिरेक्टरीत ओळ असते: अमुक पत्ता, ३३९०, सुरुवात सिलिंडर १, लांबी १०,०१६, अमुक व्हॉल्सर. सुरुवात १ पासून का? कारण सिलिंडर ० वर खऱ्या डिस्कचं लेबल असतं. शून्यापासून तुकडा दिला आणि गेस्टनं फॉरमॅट मारला, तर दगडच उखडला.

आता समजा एकाला सिलिंडर १ ते ५,००० दिले आणि दुसऱ्याची सुरुवात चुकून ४,९०० पासून लिहिली. दोघांनाही आपापली डिस्क ठणठणीत दिसते. दोघंही बिनधास्त लिहितात. आणि एक दिवस एकाच्या फाइल सिस्टिममध्ये दुसऱ्याचा डेटा उगवतो. आपल्याकडं शेताचा बांध कोरतात ना, दर नांगरणीला वीतभर, अगदी तसं. फक्त इथं बांध कोरणाऱ्यालाही माहीत नसतं. झेड-व्हीएममध्ये डिस्कमॅप नावाचं एक साधन आहे. ते डिरेक्टरी वाचून कुठं तुकडे एकमेकांवर चढलेत आणि कुठं जागा रिकामी आहे ते दाखवतं. नवीन गेस्ट बनवताना सिस्टिम प्रोग्रॅमरला 'डिस्कमॅप बघितला का?' एवढं विचारायला लाजू नका.

दुसरा रस्ता: एफसीपी

सात-सात जीबीचे तुकडे जोडत बसायचं नसेल तर मेनफ्रेमला साध्या स्कझी डिस्काही फायबर चॅनलवरून जोडता येतात. ड्रायव्हरचं नाव झेड-एफसीपी. इथं डिस्क हव्या त्या आकाराची मिळते, डॅझडीवाला फॉरमॅट लागत नाही, आणि नाव आपलं ओळखीचं, एसडीए, एसडीबी.

पण पत्ता लांबतो. आधी एफसीपी डिव्हाइसचा पत्ता, मग स्टोरेजच्या पोर्टचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन, मग लन. शेवटचे दोन प्रत्येकी १६ हेक्स अंकांचे. हातानं टाइप करू नका, कॉपी करा.

इथं मालकीचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. स्टोरेज बॉक्स समोरच्याला त्याच्या डब्ल्यूडब्ल्यूपीएनवरून ओळखतो. एनपीआयव्ही ही सोय बंद असेल तर एका अडॅप्टरवरचे सगळे लिनक्स एकाच डब्ल्यूडब्ल्यूपीएननं बाहेर पडतात. म्हणजे वाड्यातल्या सगळ्यांचं एकच आधार कार्ड! मग स्टोरेजनं डिस्क एकाला द्यायची म्हटली तरी ती सगळ्यांना दिसू शकते. एनपीआयव्ही चालू असेल तर प्रत्येकाची ओळख वेगळी. एफसीपी वापरणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा.

दुसरी गोष्ट मल्टिपाथ. डॅझडीमध्ये एका डिस्कपर्यंत जाणाऱ्या अनेक वाटा मशीनची चॅनल सबसिस्टिमच सांभाळते, लिनक्सला डिस्क एकच दिसते. एफसीपीमध्ये हे काम लिनक्सचं. दोन अडॅप्टर, प्रत्येकातून स्टोरेजच्या दोन पोर्टांकडं वाट, म्हणजे एकच डिस्क एसडीए, एसडीबी, एसडीसी, एसडीडी अशी चार वेळा दिसते. चार डिस्का मिळाल्या म्हणून खूश होऊ नका. इन्स्टॉलरमध्येच मल्टिपाथ चालू करा आणि वरचं एकत्रित नाव वापरा.

छोट्या डिस्का जोडताना

आता सात जीबीच्या प्रश्नाकडं येऊ. ५० जीबी हवेत आणि मॉडेल ९ च्या डिस्का मिळाल्यात, तर सात लागतील. प्रत्येकीवर एक पार्टिशन आणि सगळ्यांवर मिळून एलव्हीएम. हे रोजचंच आहे, घाबरायचं कारण नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा.

एक, बूटची जागा एलव्हीएमच्या बाहेर, एकाच डिस्कवर ठेवा. मेनफ्रेमचा बूट लोडर झिपल. कर्नल आणि इनिट-रॅमडिस्क डिस्कवर नेमक्या कुठल्या ब्लॉकमध्ये आहेत, त्याची यादी तो बूट रेकॉर्डमध्ये लिहून ठेवतो. म्हणजे कर्नल, इनिट-रॅमडिस्क किंवा पॅरामीटर बदलले की झिपल परत चालवावं लागतं. नाहीतर मशीन जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवतं.

दोन, सातही डिस्का बूटच्या वेळी आपोआप ऑनलाइन झाल्या पाहिजेत. सीएच-सीसीडब्ल्यू-डेव्हचं काम फक्त आजपुरतं असतं, रीबूट झालं की संपलं. कायमचं हवं तर सीएच-झेडडेव्ह वापरा. इन्स्टॉलर सुरुवातीच्या डिस्कांचं हे स्वतः करतो. घोळ होतो तो सहा महिन्यांनी, रूट भरत आलं म्हणून कोणीतरी आठवी डिस्क जोडतो तेव्हा. त्या दिवशी सगळं छान चालतं. महिन्या-दोन महिन्यांनी पॅच लावून रीबूट केलं की आठवी डिस्क गायब, व्हॉल्यूम ग्रुप अपुरा, आणि रूट माउंट होत नाही. म्हणून रूटमध्ये डिस्क वाढवली की त्याच दिवशी तीन कामं: सीएच-झेडडेव्हनं नोंद कायम करणं, इनिट-रॅमडिस्क नव्यानं बनवणं, झिपल चालवणं. आणि जमलं तर त्याच विंडोत एकदा रीबूट करून बघणं.

घरी सराव

तुम्ही म्हणाल, आमच्याकडं कुठं आलीय मेनफ्रेम? तर हर्क्युलिस नावाचा एक मोफत, ओपन सोर्स एम्युलेटर आहे, १९९९ मध्ये रॉजर बोलर यांनी सुरू केलेला. तुमच्या लॅपटॉपवर चालतो. त्यातल्या डॅझडी-इनिट या साधनानं ३३९० ची आभासी डिस्क एका फाइलमध्ये बनते. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये पत्ता, ३३९० आणि फाइलचं नाव अशी एक ओळ लिहिली की झाली डिस्क तयार. लिनक्सची जरा जुनी एस ३९० आवृत्ती घ्या, कारण नव्यांना नव्या प्रोसेसरच्या सूचना लागतात. क्यूएमूसुद्धा एस ३९० एक्स चालवतो, पण त्यात डिस्क सहसा व्हर्टआयओची असते, डॅझडीचा सराव होत नाही.

सराव असा करा. एक नाही, तीन डिस्का बनवा. एकीवर लिनक्स टाका. दुसरीला वेगळं व्हॉल्सर द्या, ती 'दुसऱ्याची' समजा. तिसरी एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला कॉन्फिगरेशनमध्ये तुम्हाला न सांगता कुठल्याही पत्त्यावर लावायला सांगा. मग लेबल वाचून, सिलिंडर मोजून ओळखा, फॉरमॅट कुठलीला करायचा आणि कुठलीला हात लावायचा नाही. चुकलात तरी एक फाइलच जाईल, आणि बोटांना सवय लागेल ती कायमची.

ही सवय मेनफ्रेमपुरती नाही बरं का. क्लाउडवर व्हॉल्यूम जोडाल, ऑफिसच्या सर्व्हरवर डिस्क फॉरमॅट कराल, अगदी नातेवाइकाचा पेनड्राइव्ह पुसाल, तेव्हाही एंटर दाबायच्या आधी तोच प्रश्न विचारा. मेनफ्रेम फक्त तुम्हाला पाच वेळा थांबवते. बाकीच्या ठिकाणी आपलं आपल्यालाच थांबावं लागतं.

पुढच्या भागात याच मशीनच्या नेटवर्ककडं वळू. तोपर्यंत हर्क्युलिस उतरवून घ्या आणि पहिली डिस्क ऑनलाइन करून बघा. फॉरमॅट करायची घाई नको. आधी लेबल वाचा. भेटूच!